हलकी होत गेलेली रायफल

मेधावहिनींचा फोन आला तेव्हा मी कुवेतच्या खैरान किनाऱ्यावर, ऑफिसच्या सहलीत, भाड्याच्या शॅलेच्या, म्हणजे समुद्रकाठच्या बंगलीच्या अंगणात कोळसे पेटवत होतो. "भाऊजी, श्रीधर गेला," एवढंच त्या म्हणाल्या. आजार वर्षभर घरात मुक्काम ठोकून होता, डॉक्टरांनी काही लपवलं नव्हतं, तरी मी हातात चिमटा धरून कितीतरी वेळ तसाच उभा राहिलो... त्याला आता काही आठवडे झाले. शुक्रवार उजाडला की अजूनही मी गाडीची किल्ली उचलतो, आणि मग आठवतं.

श्रीधर नाशिकचा, मी पुण्याचा. दोघेही एकाच रिफायनरीत मेंटेनन्सला, आणि कुवेतमधल्याच महबूल्यात एकाच इमारतीत राहायला. नेमबाजीचं खूळ त्याचं. दर शुक्रवारी मला ओढत क्लबात न्यायचा. त्याची एअर रायफल तिथल्याच कपाटात कुलूपबंद असायची, घरी आणायची परवानगी नव्हती. वहिनींनी ती कधी पाहिलीही नव्हती. "सवत आहे माझी, मला नाही बघायची," असं म्हणून त्या आम्हाला डबा बांधून द्यायच्या.

नेम धरण्यापेक्षा रायफलमध्ये फेरबदल करण्यातच त्याचा जीव जास्त रमायचा. गालाखालची पट्टी वर कर, खांद्याचा टेका मागे घे, नळीच्या टोकाला पोलादी वजनं चढव... "अरे, नेम तुझा की तुझ्या पान्याचा?" मी चिडवायचो. तो मात्र गंभीरपणे हिशेब मांडायचा. वजन चढवलं की नळी डुलत नाही, पण शेवटाकडे दंड भरून येतात. ट्रिगर हलका केला की बोटाला झटका बसत नाही, पण मनात नसताना छर्रा सुटतो. "एक घेतलं की दुसरं द्यायचं, फुकटात काही नाही बाबा," असं म्हणत तो पुन्हा स्क्रू पिळायला लागायचा.

मग तो स्नायूंचा आजार निघाला. एका शुक्रवारी त्यानं नळीचं एक वजन उतरवलं. "सहज, बघू कसं वाटतं," म्हणाला. पुढे दुसरंही गेलं. मग लाकडी दस्ता काढून त्यानं पोकळ, हलका दस्ता बसवला. रायफल पिसासारखी झाली, श्वासाबरोबर हलायला लागली, आणि त्याचे गुण धडाधड कोसळले. ते बघवेना, म्हणून मी एकदा भडकलोच.

"स्टँडवर टेकव ना! जुने वजनदार भाग लाव, आरामात दहात दहा मारशील."

"मारीन की. पण टेकवली तर क्लबच्या स्पर्धेत धरत नाहीत."

"आणि अशी लटपटत मारून कितवा येणार आहेस?"

"शेवटून पहिला," तो हसला. "पण उभा राहून, माझ्या हातानं. उचलता येतेय तोवर मला टेकवायची नाही रे."

मला ते पटलं नव्हतं, आजही पुरतं पटलेलं नाही. त्या स्पर्धेत तो खरोखर शेवटचा आला आणि सगळ्यांना त्यानं तिकडचा दाट, वेलचीचा करक चहा पाजला.

परवा क्लबच्या प्रशिक्षकांनी बोलावलं. कुवेती गृहस्थ, आमच्याशी मोडकंतोडकं हिंदी बोलतात. रायफल नव्या शिकाऊ मुलांना द्यायची होती. "पहले जैसा करें, या ऐसा ही रखें? मैडम बोलेगा," ते म्हणाले. माझं मत ठरलेलं होतं, हात लावायचा नाही, त्याच्या हातची शेवटची जोडणी आहे ती. वहिनी पहिल्यांदाच आल्या होत्या. रायफल जड असेल म्हणून त्यांनी पदर खोचून दोन्ही हातांनी उचलली, तर ती झटकन खांद्यापर्यंत आली.

"एवढीच?" त्या म्हणाल्या, आणि मग त्यांचा चेहरा बदलला. "भाऊजी, हीसुद्धा त्याला जड होत होती?"

मी होकारार्थी मान हलवली.

"मग अशी नको ठेवायला. धडधाकट होता तेव्हाची करून द्या."

मी लाकडी दस्ता बसवला, वजनं चढवली. वहिनींनी ती पुन्हा उचलली. कशीबशी छातीपर्यंत नेली, दंड थरथरायला लागले, आणि त्यांनी ती टेबलावर ठेवून दिली.

"ही घेऊन उभा राहायचा?"

"तासन् तास."

"हां," त्या दम खात म्हणाल्या, "हा माझा नवरा," आणि एवढ्या दिवसांत पहिल्यांदा मोठ्यानं रडल्या.