मावशीनं लिहिलेलं ‘हो’

कोर्टात माझ्या मावशीला टीपकागद म्हणतात. सांडेल ते सगळं टिपते म्हणून. सव्वीस वर्षं ती स्टेनो आहे. दोन वकील एकाच वेळी भांडत असले तरी दोघांची वाक्यं ती वेगवेगळी उतरवते. घरी मात्र काकांनी तीनदा सांगितलेली गोष्ट तिला ऐकू येत नाही.

मी शिकायला तिच्याकडे राहते, त्यामुळे तिच्या कामाच्या गोष्टी जेवणाबरोबर माझ्या पोटात जातातच. हात भरभर चालायला हवा, हे कोणालाही कळतं. पण साक्षीदार ढसाढसा रडला तरी आपला चेहरा हलू द्यायचा नाही, हे कठीण. दुपारी पोटभर जेवायचं नाही, झापड येते. आणि सगळ्यांत अवघड म्हणजे थांबवणं. साक्षीदारानं नुसती मान हलवली की स्टेनोनं हात वर करून म्हणायचं, तोंडानं सांगावं. उत्तर आलं नाही तर ‘उत्तर नाही’ असंच लिहायचं. आपल्या पदरचं काही घालायचं नाही.

त्या शुक्रवारी तिनं पदरचं घातलं.

नवे न्यायाधीश म्हणजे नाकावर राग. सकाळी तिनं तीनदा हात वर केला, तेव्हा त्यांनी भर कोर्टात विचारलं की खटला मी चालवतोय की तुम्ही. एरवी टाचणीवरून वाद घालणारे वकील तेव्हा मूग गिळून बसले. दुपारी गोदामाच्या आगीचा खटला निघाला. आरोपी एक ड्रायव्हर. समोरच्या घरातल्या आजींनी आगीच्या वेळी खिडकीतून कोणाला तरी पळताना पाहिलं होतं, आणि दुसरा साक्षीदार नव्हता. सरकारी वकिलानं बोट दाखवून विचारलं, हाच तो माणूस का. आजींची मान हलली. मावशीचा हात टेबलावरून चार बोटं उचलला गेला, न्यायाधीशांनी घड्याळाकडे पाहिलं, आणि हात खाली आला. आरोपीचा वकील कागद चाळत होता. पुढचा प्रश्न सुरू झाला. मावशीनं वहीत लिहिलं, ‘हो’.

संध्याकाळी निघताना तिला आजी व्हरांड्यातल्या बाकावर दिसल्या. मुलाची वाट बघत एकट्याच बसल्या होत्या. कोणी काही विचारत नव्हतं, तरी मान तशीच हलत होती. वयामुळे हलत होती.

मावशी घरी आली ती पांढरीफटक. मला खुर्चीवर बसवून म्हणाली, हो म्हण, तोंडानं नको, मानेनं. आता नाही म्हण. मग काकांची पाळी. काका म्हणाले, माझी मान लग्नापासून उभीच हलते, मी काय कामाचा? ती हसली नाही. आजींची मान उभी हलली की आडवी, तिला आठवेना. जितकं आठवायला जाई तितकं तिला दोन्ही दिसे.

सोमवारी टाइप केलेल्या प्रतीवर न्यायाधीशांची सही होणार होती. मग त्या एका शब्दावर एक माणूस दहा वर्षं आत जाणार. काकांनी परोपरीनं समजावलं. शॉर्टहँडची वही तुझ्याशिवाय कोणाला वाचता येत नाही, वकिलानं हरकत घेतली नाही, निवृत्तीला दोन वर्षं राहिली, कशाला आपल्या हातानं पायावर धोंडा पाडून घेतेस? खोटं कशाला सांगू, मलाही तेच वाटत होतं. मावशी भाजी निवडत होती आणि पानं टाकून देठं ताटात ठेवत होती. दाराची बेल वाजली की दचकायची. रविवारी संध्याकाळपर्यंत तिच्याकडे बघून मलाच धडकी भरायला लागली.

सोमवारी मी तिच्याबरोबर गेले. एकटीला कसं सोडणार? कोर्ट सुरू झालं आणि सहीचे कागद पुढे सरकायच्या आत तिनं हात वर केला. न्यायाधीशांच्या कपाळाला आठी पडली.

“साहेब, शुक्रवारी आजींचं म्हणून एक उत्तर मी लिहिलंय,” ती म्हणाली. “ते त्यांनी दिलं नव्हतं.”

आरोपीच्या वकिलाच्या हातातले कागद खाली पडले. न्यायाधीश म्हणाले, हे नोंदवून घ्या. नोंदवायला तिथे दुसरं होतं कोण? ती खाली बसली आणि स्वतःचं वाक्य स्वतःच लिहून घेतलं. थांबवलं का नाहीत, असं त्यांनी विचारलं. तो प्रश्नही तिनं लिहिला.

“तुमची भीती वाटली म्हणून.”

हेही लिहिलं. एक शब्द गाळला नाही. मला मागच्या बाकावर रडू फुटलं.

गुरुवारी आजींना पुन्हा बोलावलं. मावशीच्या टेबलाशी दुसराच स्टेनो होता. तिची बदली नकला विभागात झाली होती, शिवाय चौकशी लागली होती ती वेगळीच. आम्ही दोघी मागे बसलो. तिनं माझं मनगट असं आवळलं की वळ उठले. प्रश्न तोच होता. आजींची मान हलली, नव्या स्टेनोनं हात वर केला, आणि न्यायाधीश मुकाट्यानं थांबले. आजींनी चष्मा सारखा केला, ड्रायव्हरकडे नीट पाहिलं आणि म्हणाल्या, “हो. हाच.”

जिना उतरताना माझा तोल सुटला. म्हटलं, खुर्ची गेली, चौकशी मागे लागली, आणि एवढं करून मिळालं काय? उत्तर तेच ना?

मावशी कठड्याला धरून थांबली.

“तेच कसं असेल?” ती म्हणाली. “शुक्रवारचं ‘हो’ माझं होतं. आजचं आजींचं आहे.”