शेवटच्या सायकलवरची चंचल

कल्पना करा, तुम्हाला सायकल हळू चालवायची आहे. पायांत जोर असूनही हळू. पुढे एक नवी मुलगी चुकीच्या गिअरमध्ये धापा टाकत चालली आहे आणि तिला ओलांडायची तुम्हाला परवानगी नाही. ती थांबली की थांबायचं. तिची चेन उतरली की खाली उतरून हात काळे करायचे. समोरून वारा लागला तर तेवढ्यापुरतं तिच्या पुढे जाऊन वारा अंगावर घ्यायचा, ती सावरली की परत मागे. तोवर तुमच्या बरोबरीचे लोक वळणापलीकडे गेलेले असतात. असं दर रविवारी करायचं, वर्षानुवर्षं.

सायकलवाले या कामाला स्वीप म्हणतात. गोंदियाच्या आमच्या क्लबात त्याचा झाडू झाला आणि चंचल रहांगडालेची झाडूवाली ताई.

चंचलचं माहेर कामठ्याचं. शाळेत असताना ती पोरांना सायकलवर मागे टाकायची. लग्नानंतर गोंदियात आली, पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्त काढायच्या कामाला लागली. नवरा कैलाश पाण्याच्या मोटारी दुरुस्त करतो. क्लबात आली तेव्हा ती एकटीच बाई होती आणि पहिल्या चार-पाच जणांत चालायची. मग हळूहळू आणखी बायका-मुली आल्या. क्लब चालवणारा लोकेंद्र बँकेत आहे. एका सकाळी निघताना तो तिला म्हणाला, ‘‘ताई, आजसे तुम्ही मागं राहा. पीछे तुम्ही असल्या की मले टेन्शन नाही.’’

पहिल्या रविवारी चंचलला याचा अभिमान वाटला. पुढचे रविवार मात्र कोणी विचारलंच नाही.

दरेकशाला गेलो की घाट चढून सगळे स्टेशनाजवळ थांबतात. चहा होतो, फोटो होतो. चंचल शेवटच्या मुलीला घेऊन पोचायची तेव्हा लोक पेले ठेवून हेल्मेट चढवत असायचे. क्लबच्या ग्रुपवर शेकडो फोटो आहेत. चंचल त्यातल्या मोजक्यांत आहे, आणि तिथेही कडेला, अर्धी.

गुंजन अशीच मागे मागे चालणारी एक. कॉलेजात शिकणारी. पहिल्याच राईडला कामठ्याच्या रस्त्यावर रडायला लागली होती. चंचलने तिची सीट वर केली, गिअर समजावले आणि वाऱ्यात आपल्या चाकाला चिकटून चालायला शिकवलं. सपाट रस्त्यावर सायकलवाल्याची बहुतेक ताकद हवा कापण्यातच जाते. कोणी पुढे असेल आणि तुम्ही त्याच्या चाकाला अगदी लागून असाल तर तुमची पाव ताकद सहज वाचते, कधी त्याहून जास्त. पुढच्याचं मात्र काही वाचत नाही.

वर्षभरात गुंजन पुढच्या घोळक्यात गेली. तिच्या जागी भूमिका नावाची दुसरी नवी मुलगी आली. चंचल होती तिथेच राहिली.

मग तिला गुंजनचं सगळंच दिसायला लागलं. चढावर सीटवरून उठण्याची तिची पद्धत. लोकेंद्रने तिला रॉकेट म्हणणं. फोटोत तिचं मधोमध असणं. सायकलीला दोष द्यावा तर दोघींची सायकल एकाच दुकानातली, एकाच कंपनीची. वयाला द्यावा तर क्लबात पन्नाशीचे लोकही पुढे चालत. गुंजनच्या फोटोवर अंगठा टाकायला चंचल मुद्दाम रात्रीपर्यंत थांबायची. कैलाशला हे कळलं तेव्हा तो हसला, म्हणाला, पोरीले तूच उडायले शिकवलं न, आता काऊन जळतेस? त्या रात्री त्याच्या पानात भाजी जरा कमीच पडली.

हिवाळ्यात क्लबाने बायकांची शर्यत ठेवली. कोहमाऱ्याहून नवेगाव बांध, तलावाजवळून वळायचं आणि परत. चंचलने लोकेंद्रकडे गुपचूप नाव दिलं. महिनाभर ड्यूटीच्या आधी कामठ्याच्या रस्त्यावर एकटी सायकल मारली. लॅबमध्ये स्वतःचंच रक्त काढून हिमोग्लोबिनही तपासलं, दम त्यावरच टिकतो; चांगलं होतं. गुंजनने विचारलं, ताई, तुमी भाग घेऊन राहिल्या का? चंचल म्हणाली, मी कायले घेऊ, मांगं कोण राहील? शर्यतीच्या सकाळी तिच्या छातीवरचा नंबर पाहून गुंजन धावत आली आणि सगळ्यांसमोर तिला मिठी मारली. खोटं पकडलं गेलं त्यापेक्षा ती मिठी चंचलला जास्त लागली.

जाताना वारा पाठीशी होता. सगळ्या एका घोळक्यात तलावापर्यंत गेल्या. तिथे बिसराम नावाचा क्लबातलाच माणूस वळणाऱ्या प्रत्येकीच्या मनगटावर हिरव्या शाईची खूण करत होता. चंचलने सगळ्यांत आधी हात पुढे केला आणि वळली ती सुटलीच.

परतीला उत्तरेचा वारा समोरून. कापलेल्या धानाची शेतं दोन्ही बाजूंना मोकळी, वाऱ्याला अडवायला काही नाही. तिच्या पुढे फक्त क्लबची मोटरसायकल, त्यावर वाट दाखवणारा टिंकू. इतक्या वर्षांत पहिल्यांदा, क्लबाबरोबर असून, तिच्यासमोर एकाही सायकलवाल्याची पाठ नव्हती. मांड्या पेटल्या तरी तिने वेग सोडला नाही. नंतर ती कैलाशला म्हणाली, तेवढा वेळ मले कोणाचाच राग नव्हता.

आणि तिने एकदाही मागे वळून पाहिलं नाही. शर्यत खेळणारा कोणीही दर थोड्या वेळाने खांद्यावरून नजर टाकतो. चंचलच्या मानेला ती सवयच नव्हती. ती कायम शेवटची. वाऱ्यापुरती चाकाला लावून घेतलेली मुलगी सोडली तर तिच्या मागे कोणी असायचंच नाही, नुसता रस्ता. नजर पुढे ठेवायची, कोण दमलं, कोण डगमगलं ते पाहायचं, एवढंच तिचं काम. कानात वारा घोंघावत होता, त्यामुळे दुसऱ्या सायकलचा आवाजही आला नाही.

कोहमाऱ्याला शेवटचा पट्टा दिसायला लागला, लोक टाळ्या वाजवायला लागले, आणि तिच्या उजव्या कोपराशी एक हेल्मेट आलं. गुंजन. सीटवरून उठलेली. चंचलनेही जोर लावला, पण मांड्यांत काही उरलं नव्हतं. एका सायकलीच्या अंतराने गुंजन पुढे गेली.

दोघी रस्त्याच्या कडेला वाकून उभ्या राहिल्या. गुंजनलाही धाप लागली होती, चंचलएवढीच. त्यावरून ती कशी आली ते काही कळत नव्हतं.

‘‘कधीपासून होतीस माझ्या मांगं?’’ चंचलने विचारलं.

‘‘मले ध्यान नाही, ताई. मी तं फक्त तुमचं चाक पाहून राहिली होती.’’

बक्षीस घेताना गुंजनने माईकवर सांगितलं की हे सगळं चंचलताईचं श्रेय आहे, वाऱ्यात चाकामागे राहायला ताईनेच शिकवलं. लोक मागे वळून टाळ्या वाजवायला लागले. चंचलला उठून, हात जोडून, हसावं लागलं.

मग तिची चौकशी सुरू झाली. बिसरामला विचारलं, माझ्यानंतर किती वेळानं गुंजन आली? तो म्हणाला, हेल्मेट घातल्यावर सगळ्या बाया सारख्याच दिसतात जी. टिंकूला विचारलं, तुले आरशात ती दिसली असेल न? तो म्हणाला, आरसा तर कवाचा तुटला. गुंजनच्या मोबाईलमधल्या नोंदीत तिचा स्वतःचा वेग होता, पण तो ताडून पाहायला चंचलची नोंदच नव्हती. तिचा मोबाईल कैलाशच्या खिशात राहिला होता.

‘‘दुसरी आलीस न,’’ कैलाश म्हणाला. ‘‘आता कायले उकरून राहिलीस?’’

तिने त्याला समजावलं. गुंजन तलावापासून चिकटून आली असेल, तर सगळा वारा मी कापला, तिनं फक्त शेवटी उडी मारली. मग पाय माझेच भारी. पण मागून एकटी वारा कापत येऊन तिनं मले गाठलं असेल, तर ती खरंच माझ्यापेक्षा भारी आहे. मंग जळण्यातही अर्थ नाही.

‘‘मालूम झालं तं जळणं बंद करशीन का?’’

पुढच्या रविवारी लोकेंद्रने मागे राहायला सांगितलं तेव्हा तिने सरळ नाही म्हटलं. भूमिकाला घेऊन त्या दिवशी तो स्वतः शेवटी आला. चहा संपलेला होता.

मागच्या आठवड्यात गुंजन लॅबमध्ये आली. नागपूरच्या मोठ्या शर्यतीसाठी तिची निवड झाली होती आणि रक्ततपासणी हवी होती. चंचलने तिच्या दंडाला पट्टा बांधला, शीर शोधली. सुईला भिऊन गुंजनने तोंड भिंतीकडे फिरवलं. घटकाभराने मशीनमधून आकडा आला. गुंजनचं हिमोग्लोबिन चंचलपेक्षा कमी होतं. चंचलने नमुना पुन्हा एकदा मशीनला लावून पाहिला. आकडा तोच आला.

रिपोर्ट हातात देताना तिने गुंजनला पालक खायला सांगितलं, गूळ-शेंगदाणे खायला सांगितलं, नागपूरला थंडी असते, स्वेटर ने म्हणाली. गुंजन हो हो म्हणत दारापर्यंत गेली.

‘‘गुंजन,’’ चंचलने हाक मारली. ‘‘खरं सांग, मी काही म्हणणार नाही. तलावापासूनच होतीस का माझ्या चाकामांगं, का एकटीच वारा कापत आलीस?’’