वरच्या खोलीतलं नेट

जलालभाईंचं अर्धं अंग गेलं तेव्हा त्यांची मुलगी नाझिया वाशीत नोकरीला होती. थोड्या दिवसांत परत येते, असं खोलीतल्या मैत्रिणींना सांगून ती कर्जतला आली, ती आलीच. आई कधीच गेलेली, धाकटा भाऊ हमदान दोह्यात, आणि प्लायवूडच्या फळ्या एकट्यानं टेंपोत चढवणारा बाप खाटेवर. कंपनीनं घरून काम करायची मुभा दिली तेव्हा सगळ्या नातेवाइकांना हायसं वाटलं. "नशीबवान आहेस. नोकरीही राहिली, अब्बांची खिदमतही होते," असं जो तो म्हणायचा. नाझिया मान हलवायची.

तिचं काम विम्याचे दावे तपासायचं. नेटचा राऊटर खालच्या दिवाणखान्यात आणि अब्बांची खाटही तिथंच, म्हणून टेबलही तिथंच मांडलं. मीटिंग चालू असताना अब्बा खाकरायचे, अंथरूण ओलं व्हायचं, "ना... ना..." अशी हाक यायची. अख्खं 'नाझिया' त्यांच्या जिभेवर आता येत नव्हतं. ती हेडफोनचा आवाज बंद करून उठायची आणि परत येईपर्यंत मीटिंगमध्ये कुणीतरी तिला दोनदा काही विचारून गेलेलं असायचं.

वर तिची स्वतःची खोली होती. खिडकीतून माथेरानचा डोंगर दिसायचा, वारा यायचा. पण स्लॅब जाड असल्यामुळे नेट तिथवर पोचायचं नाही.

हमदाननं गावाकडे येणाऱ्या एकाबरोबर तीन पांढरे डबे पाठवले. "आपा, हे मेश आहे. घरभर एकच नेट. एक डबा खाली, एक जिन्यात, एक तुझ्या खोलीत. घर बांधताना मी भिंतीतून वायर टाकून घेतली होती ना, तुझ्या खोलीतला डबा तिलाच जोड."

तिनं जोडला. हिरवा दिवा लागला, तिला हसूच आलं. लॅपटॉप घेऊन ती वर बसते न बसते तोच दिवा लाल झाला. पाठोपाठ खालचं नेटही गेलं. फोन, टीव्ही, सगळंच बंद.

नेटवाल्यांचा सहदेव चौक गावाहून आला. त्यानं राऊटर तपासला. "लाईन वोके हाय, ताई. हे नवे डबे आमचे नायत, त्यात मी हात घालत नाय." पण माणूस भला होता, वर जाऊन त्यानं डब्याची वायर उपसून बघितली. खालचं नेट परत आलं. "बगा, वायर लावली का घोळ होतोय. तवा लावूच नका."

वायरीशिवाय वरचा डबा चालायचा, पण रडतखडत. माणसं पडद्यावर बोलताना गोठायची, तिचा आवाज तुटायचा. डब्यांच्या कंपनीला फोन केला, तर पलीकडची मुलगी एकच सांगे, बंद करा, परत चालू करा. नाझियानं वायर बदलली, भिंतीतलं दुसरं सॉकेट वापरून बघितलं, सगळं पुसून नव्यानं जोडलं. दर वेळी तेच. आणि हे सगळं अब्बांचा डोळा लागला असेल तेवढ्याच वेळात. जिन्याच्या मध्यावर असताना "ना..." ऐकू आलं की वरचं तसंच टाकून खाली.

त्यात एका मीटिंगमधून ती पुन्हा गळाली. वरिष्ठ प्राची मॅडम आवाज न चढवता म्हणाल्या, "नाझिया, असंच चाललं तर तुला ऑफिसला यावं लागेल. जमेल का बघ."

जमणार नव्हतं, हे दोघींनाही ठाऊक होतं. नोकरी गेली तर हे घर, ही खाट आणि हा जिना, एवढंच उरणार होतं. त्या दुपारी ती टेबलाशी बसून राहिली. अब्बा टक लावून बघत होते. त्यांना काय कळलं कोण जाणे, चांगला हात उचलून त्यांनी तिला जवळ बोलावलं. ती गेली नाही. नंतर तिला त्याचं फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी ती फरशीवर मांडी घालून बसली आणि एकेक वायर बोटानं धरत गेली. जुन्या राऊटरमधून दोन वायरी निघत होत्या. एक खालच्या नव्या, मुख्य डब्यात जात होती. दुसरी भिंतीतून थेट वर, तिच्या खोलीत. म्हणजे वरचा डबा हवेतून मुख्य डब्याशी बोलत होता आणि वायरीतून त्याला वगळून जुन्या राऊटरशी. गोल तयार झाला होता. तीच ती माहिती घराच्या घरात फिरत राहायची आणि सगळं तुंबायचं. तिनं वर जाणारी वायर राऊटरमधून काढून मुख्य डब्यात खुपसली. बस, एवढंच.

दिवा हिरवा झाला आणि हिरवाच राहिला. त्या दिवशी तिनं खिडकीशी बसून काम केलं.

संध्याकाळी फोनवर हे ऐकून हमदान खूश झाला. "आता खाली एक कॅमेरा लाव, आपा. वर बसूनही अब्बांवर नजर राहील. तुला कुठंच जायची गरज नाही."

ज्या खोलीसाठी नाझियानं एवढी धडपड केली, तिथंही आता अब्बांची खाट येऊन बसणार होती. तिनं कॅमेरा लावला, पण तो हमदानच्या फोनलाही जोडून दिला. "दुपारचं तू बघ. तुझी जेवणाची सुट्टी असते तेव्हा."

"बघतो की," तो म्हणाला.

पहिल्याच आठवड्यात त्याचा घाबराघुबरा फोन आला. "आपा, अब्बांनी पेला पाडला. अंगावर पाणी सांडलंय. मी इथून कॅमेऱ्यातून हाका मारतोय, ते छताकडे बघतायत. मी कुठं आहे तेच त्यांना कळत नाहीये. मी काय करू?"

"मी उतरतेय," ती म्हणाली. अब्बांचा सदरा बदलून झाल्यावर तिनं पाहिलं, फोन अजून चालूच होता.

"तू रोज हे..." हमदान म्हणाला.

"हो," ती म्हणाली.

त्यानं अब्बांच्या प्लायवूडच्या दुकानातल्या जुन्या माणसांना फोन लावले आणि कोंडाण्याच्या वाडीवरची गोदा दुपारपुरती यायला लागली. तिनं आपल्या सासूचं अंथरुणातलं सगळं केलेलं होतं. तिसऱ्या दिवशी ती नाझियाला म्हणाली, "ताई, तुमी जरा भायेर जाऊन या. मी हाय ना."

नाझियानं चांगला ड्रेस घातला, पर्स घेतली आणि ती फाटकाबाहेर येऊन उभी राहिली. कुठं जायचं ते सुचेना. कर्जतमध्ये तिचं असं आता कुणी उरलंच नव्हतं. ती उल्हास नदीच्या पुलापर्यंत चालत गेली. कठड्याशी थांबून फोन काढला, कॅमेरा उघडला. गोदा अब्बांना पेज भरवत होती, मधेच पदरानं त्यांची हनुवटी पुसत होती. नाझियानं फोन पर्समध्ये ठेवला. थोड्या वेळानं परत काढला.

ती कोथिंबिरीची जुडी घेऊन परतली तेव्हा पेजेची वाटी अजून धुवायची होती.

"लई लवकर आलात," गोदा म्हणाली.

"हो ना," नाझिया चप्पल काढत म्हणाली. "सवय नाही राहिली."