ताईच्या कॉम्प्युटरला वाचा फुटली

ताईच्या डोळ्यांचं कळलं तेव्हा दाजींना जाऊन वर्ष होत आलं होतं. डॉक्टर म्हणाले, डोळ्याच्या आतल्या पडद्याचा आजार आहे, तोही पडद्याच्या अगदी मधोमध. समोरच्या माणसाकडे नीट बघायला गेलं की त्याच्या चेहऱ्याच्या जागी धुरकट डाग दिसतो. नजर जरा बाजूला नेली तर कडेकडेने काही दिसतं. त्यामुळे ताई बोलताना माझ्या कानापलीकडे बघायची. सुरुवातीला मला वाटायचं मागे कोणीतरी आलंय, आणि मी वळून बघायचो.

मी टेलिफोनच्या नोकरीतून रिटायर झालेला, नया बाजारच्या मागे राहतो. ताई बिर्लानगरला. दाजी तिथल्या मिलमध्ये हिशेबाचं काम बघायचे. मिल बंद पडल्यावर त्यांनी इकडे तिकडे बऱ्याच नोकऱ्या केल्या आणि शेवटी घरातच टायपिंगचं काम सुरू केलं. लोकांचे अर्ज, भाडेपट्टे, लग्नाचे बायोडेटा, कॉलेजच्या पोरांचे प्रबंध. दाजी कागद हातात धरून वाचायचे आणि ताई टाइप करायची. लग्नाआधीच ती टाइपरायटर शिकली होती, त्यामुळे तिला कळांकडे बघावं लागत नसे. दाजी मधेच थांबून चहाचा घोट घेत, तेवढ्यात तिचा हात त्यांना गाठायचा आणि ती म्हणायची, "पुढे."

दाजी गेल्यावर कॉम्प्युटरवर जुन्या चादरीचं आवरण पडलं, ते पडूनच राहिलं. भाचा बंगलोरला असतो. तो दर दिवाळीला येतो आणि दर वेळी आईला घेऊन जायचं म्हणतो. डोळ्यांचं कळल्यावर त्याने एक टॅब पाठवला, अक्षरं हवी तेवढी मोठी होणारा. थोडे दिवस ताईने प्रयत्न केला. मग एकदा मी गेलो असताना तो माझ्या हातात देऊन म्हणाली, "हा तू घेऊन जा. याच्यावर हाताला काही लागतच नाही रे. नुसती काच. बोट कुठे पडलं तेच समजत नाही."

"मग काय करायचं?"

तिने चादर बाजूला केली, कीबोर्ड पुढे ओढला आणि दोन्ही हात त्यावर ठेवले. मधल्या दोन कळांवर बारीक उंचवटे असतात, तिच्या दोन्ही तर्जन्या बरोबर त्यांवर जाऊन बसल्या. "हा चालू करून दे ना," ती म्हणाली. "इथे मला बघावं लागत नाही."

मी भाच्याला फोन केला. तो म्हणाला, "मामा, छोड़ो ना, वो कबाड़ है. मी नवीन लॅपटॉप ऑर्डर करतो, परसों तक आ जाएगा."

ताईने शेजारून ऐकलं. "पाठवायचा तर पाठवू दे. पण तू आधी हा बघ."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कॉम्प्युटरचा डबा अंगणात नेला आणि उघडला. आत धुळीची मऊ गादी जमली होती. रंगाच्या ब्रशने ती झाडली, मेमरीची पट्टी काढून तिचे पितळी दात खोडरबराने घासले आणि परत बसवली. वायरी लावल्या, बटण दाबलं. पंखा घरघरला आणि पडद्यावर अक्षरं आली.

"चालू झाला?" ताईने आतून विचारलं.

"झालाय. पण तारीख फार जुनी दाखवतोय."

"कुठली?"

मी वाचून दाखवली. ती स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. "तेव्हा हे होते," एवढंच म्हणाली. मग जरा वेळाने, "बदल. आजची घाल."

आतला बटणासारखा सेल संपला होता, म्हणून कॉम्प्युटर काळ विसरला होता. घड्याळवाल्याकडून तसलाच सेल आणून घातला, तारीख लावली. पण आतली सिस्टीम इतकी जुनी झाली होती की इंटरनेटवरची कुठलीच जागा त्याला दार उघडेना. नवी सिस्टीम घालायला हवी होती, आणि बहुतेक नव्या सिस्टीम असल्या म्हाताऱ्या मशीनला हात लावत नाहीत. जुन्या मशीनवर चालते असा गवगवा असलेली एक मी पहिल्यांदा निवडली. तिने प्रोसेसर फार जुना आहे एवढं सांगून तोंड फिरवलं. मग शोधत बसलो. लिनक्सचा एक प्रकार सापडला, नव्या काळातला, तरी असल्या मशीनलाही सामावून घेणारा. त्याच्याच माहितीत एक ओळ होती: ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी ही सिस्टीम चढवताना बोलूही शकते. सुरुवातीला एक बीप वाजतो, त्यानंतर एक कळ दाबायची आणि मग प्रत्येक पायरी ती वाचून दाखवते. ती ओळ मी पुन्हा पुन्हा वाचली.

अडचण अशी होती की मशीन पेनड्राइव्हवरून सुरू व्हायला तयार नव्हतं. त्याला सीडीच हवी होती. नया बाजारातल्या दुकानदाराने माझ्याकडे बघितलं. "अंकल, सीडी? अब कौन रखता है?" शेवटी दाल बाजारच्या कोपऱ्यावर लग्नांचे व्हिडिओ काढणारा एक ओळखीचा आहे, त्याच्या खणात अर्धं पाकीट पडलेलं निघालं. त्यानेच सीडी भरून दिली. "किसके लिए, भाईसाहब?" त्याने विचारलं. मी म्हटलं, "दीदी के लिए." त्याने सीडीवर पेनाने 'दीदी' असं लिहिलं.

जानेवारीचे दिवस होते. ऊन अंगणातून खोलीत आलं होतं. ताई शाल घेऊन खुर्चीवर बसली. मी जुने स्पीकर लावले, इंटरनेटची वायर खोलीभर ओढून मागे खोचली आणि बाजूला स्टूलवर बसलो.

"तू कर, मी बसते शेजारी," ती म्हणाली.

"नाही. तू करायचंय. तो तुला विचारेल, तू उत्तर द्यायचं."

बीप वाजला. मी कळ सांगितली, तिने दाबली. बराच वेळ काही झालं नाही. सीडी आत गुरगुरली, अडखळली आणि थांबली. मी ती काढून चष्म्याच्या फडक्याने पुसली, आतली काचही पुसली, आणि आम्ही पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. या खेपेला स्पीकरमधून एक पुरुषी आवाज आला, इंग्रजीत. पत्र्याच्या डब्यात बसून सर्दी झालेला माणूस बोलावा तसा.

ताई ताठ झाली. "काय म्हणतोय?"

"ऐक तू."

तो भाषांची नावं वाचत होता, प्रत्येकीच्या आधी आकडा. "मराठीपण म्हणाला," ताई म्हणाली.

"आधी इंग्रजीच घे. कुठे अडलं तर मला समजायला पाहिजे."

तिने आकडा दाबला, एंटर दाबलं. पुढचा प्रश्न आला. मग त्यापुढचा. पहिल्या काही प्रश्नांना ती माझ्या दिशेने मान वळवत होती. मग वळवेनाशी झाली. एखादा प्रश्न समजला नाही की कपाळाला आठी घालून पुन्हा ऐकायची. मी स्टूलवर बसून तिचे हात बघत होतो. त्या हातांना आजार झाला नव्हता.

एके ठिकाणी तो म्हणाला की डिस्कवरचं सगळं पुसलं जाईल. ती थांबली. "यांचं सगळं?"

"मी आधीच पेनड्राइव्हवर काढून घेतलंय."

"काय काय होतं त्यात?"

"लोकांचे अर्ज. भाडेपट्टे. कोणाकोणाचे बायोडेटा."

"त्या लोकांची लग्नं होऊन पोरं पण झाली असतील," ती म्हणाली आणि 'हो'चा आकडा दाबला.

मग त्याने नाव विचारलं. पूर्ण नाव. ताईचे हात कळांवरच राहिले.

"कोणाचं घालू?"

"तुझं. वापरणारी तूच आहेस ना?"

"पहिल्यापासून यांचंच यायचं वर. मशीन लावलं की यांचं नाव."   मग तिने हळूहळू स्वतःचं नाव टाइप केलं. तो आवाज एकेक अक्षर उच्चारत गेला, आणि पुढे तेच नाव सबंध घेतलं तेव्हा त्याने ते इतकं वेडंवाकडं म्हटलं की तिला हसू आलं. दाजी गेल्यापासून तिला असं हसताना मी ऐकलं नव्हतं. मलाही हसू आलं, आणि मी चष्मा काढून पुसत बसलो.

पासवर्डची वेळ आली तेव्हा ती म्हणाली, "तू तिकडे बघ."

मी खिडकीकडे तोंड केलं.

"बघत नाहीयेस ना?"

"नाही ग."

बाकीचं इंटरनेटवरून उतरायला दुपार झाली. तोवर आम्ही जेवलो. मेथीची भाजी आणि पोळी. मधूनमधून खोलीतून तो डब्यातला माणूस काहीतरी सांगायचा आणि ताई घास थांबवून कान द्यायची. "नुसतं थांबा म्हणतोय," ती सांगायची.

संध्याकाळ व्हायच्या आत सिस्टीम उभी राहिली. मी तिचा आवाज मराठीवर लावला आणि एका मराठी वर्तमानपत्राचं पान उघडून दिलं. तो माणूस आता मराठी बोलू लागला. स्वर तोच, सर्दी तीच. वाक्य कुठे तोडावं ते त्याला कळत नव्हतं, पण शब्द समजत होते. अवकाळी पावसाने पिकाचं नुकसान झाल्याची बातमी होती. ताई डोळे मिटून ऐकत होती. बातमी संपल्यावर म्हणाली, "याला ळ येतो रे. बरोबर म्हणतो, काळजी. आमच्या नातीला नाही येत, ती कालजी म्हणते."

टायपिंगचं मात्र अडलं. नव्या सिस्टीममध्ये देवनागरीच्या कळांची मांडणी वेगळी होती. ताईने सवयीने बोटं चालवली आणि भलतंच काही उमटलं. आवाजाने तो गडबडगुंडा वाचूनही दाखवला. ती बोटं मागे घेऊन बसली. "विसरले वाटतं," म्हणाली. विसरली नव्हती. मी तिला तसं सांगितलं, पण तिचा चेहरा उतरला तो उतरलाच. घरी आल्यावर मी शोधलं. टाइपरायटरची जुनी मांडणीही मिळते, निराळी घालावी लागते. सकाळी पहिलं काम ते केलं. ताईने दोन्ही तर्जन्या त्या उंचवट्यांवर ठेवल्या आणि एक ओळ लिहिली. आवाजाने वाचलं, "आज थंडी आहे. भाऊ आला आहे."

त्या आठवड्यात भाच्याचा मला फोन आला. "मामा, आई का मेल आया. तुम्ही टाइप करून दिलं?"

"मी नाही."

"मग कोणी?"

"तिनेच केलं. तिने लिहिलंय, मशीनने तिला वाचून दाखवलंय आणि तिने चुका सुधारल्यात."

 तो म्हणाला, "बहुत लंबा है. बाबांबद्दल लिहिलंय. आई असं कधी बोलत नाही." मी त्याला विचारलं नाही काय लिहिलंय ते, आणि ताईलाही कधी विचारलं नाही. मशीन बिघडलं की तिचा फोन येई आणि मी जाऊन बघे, पण तिच्या फायली मी उघडल्या नाहीत.

भाच्याने पाठवलेला लॅपटॉपही आला होता. तो कपाटात राहिला. भाचा चिडला नाही. तो मनाने चांगला आहे, त्याला फक्त आई एकटी असल्याची धास्ती वाटते. होळीला तो आला तेव्हा ताईने त्याला खोलीत बोलावलं आणि नातीची शाळेतली एक गोष्ट मशीनकडून वाचून घेतली. ताई कुठेच अडखळत नव्हती. तो तिच्या मागे उभा राहून बघत होता. मग त्याने मला अंगणात नेलं. "मी जबरदस्ती नाही करणार," म्हणाला. "पण उन्हाळ्यात तरी यायला सांगा ना. दोन महिने."

ताई तयार झाली. म्हणाली, "जाईन. नातीला ळ शिकवून येईन. पण वापस यायचं तिकीट आधी काढून दे."

जाताना तिने कीबोर्डही सोबत घेतला, टॉवेलात गुंडाळून, साड्यांच्या मधे. त्याची पिन गोल, जुन्या धर्तीची. भाच्याच्या नव्या कॉम्प्युटरला ती लागणार नव्हती, म्हणून मी एक छोटा जोड शोधून आणला आणि तिच्या पर्समध्ये घातला. पोचल्यावर तिचा फोन आला. प्रवास कसा झाला ते तिने सांगितलंच नाही. "लागला," म्हणाली. "पण इथला बोलतो तो फार भरभर बोलतो. याला हळू कसं करायचं?"

मी फोनवर सांगितलं. कळा दाबल्याचा आवाज मला ऐकू येत होता, आणि मागे नातीचा, "आजी, मैं करती हूँ ना." ताईने तिला करू दिलं नाही.

आषाढात ती परत आली. मी तिला स्टेशनवरून घरी आणलं, खिडक्या उघडल्या, चादर काढली. ताईने कीबोर्ड टॉवेलातून काढून जागेवर लावला, पिन हाताने चाचपून बरोबर भोकात बसवली आणि बटण दाबलं. मशीनला सुरू व्हायला हल्ली फार वेळ लागतो. मी नव्या मशीनचा विषय काढला.

"राहू दे रे," ती म्हणाली. "मला तरी कुठे घाई आहे."

तिने लसणाची टोपली मांडीवर घेतली आणि सोलायला बसली. मला म्हणाली, "बस ना. चहा घेऊनच जा."