हुआशानचं कुलूप

लग्न होऊन कतारला, दोह्यातल्या ओल्ड एअरपोर्ट भागात राहायला आले, तेव्हापासून आमची प्रत्येक सुट्टी रत्नागिरीला, सासरी. यंदा मी हट्टालाच पेटले: ईदला चीनमधलं शियान! नवरा रशीद कसाबसा तयार झाला, आमची लेक सना मात्र लगेच. व्हिसा आधीच काढा. वाटेत विमान बदलावं लागतं.

पहिल्या दिवशी मातीचं सैन्य, म्हणजे टेराकोटा आर्मी. शहरापासून तासभर. सकाळीच गाठा, नाहीतर लोकांच्या पाठीच दिसतील. प्रत्येक सैनिकाचा चेहरा वेगळा! मी बघत राहिले. रशीद फोनवर सासूबाईंना दाखवत होता, "अम्मी, बघ कितके लोक!"

दुसऱ्या दिवशी जुन्या तटावर भाड्याच्या सायकली फिरवल्या, मग मुस्लिम मोहल्ला गाठला. खाण्याची चिंता नको, सगळं हलाल. पाओमो जरूर खा: रोटी आपणच कुस्करायची, वर मटणाचा रस्सा. रशीदने माझीही रोटी कुस्करून दिली. मी खूश झाले. तेवढ्यात त्याला बाजार दिसला. थर्मास, अक्रोड, चार ब्लँकेटं. रत्नागिरीच्या उकाड्यात ब्लँकेटं! पण गल्फवाल्याने रिकाम्या हाताने गावी जायचं नसतं ना.

तिसरा दिवस हुआशान डोंगराचा. त्याच्यासाठीच तर मी आले होते.

"तू आणि सना, तुम्ही दोघी जा," रशीद म्हणाला. " मला बॅगा भरायच्यात."

"अहो, त्या संध्याकाळी भरू."

"वजन जास्त झालं तर? यल्ला, निघा आता, ट्रेन चुकेल."

फास्ट ट्रेनने अर्धा-पाऊण तास, पुढे केबल कार. कड्यांवरून ढग वाहत होते आणि मला नुसता राग येत होता. वर जोडपी कुलपावर दोघांची नावं कोरून ते साखळीला लावतात. मीही कोरून घेतलं.

"लॉक इट ना, मम्मा," सना म्हणाली.

"दोघांनी मिळून लावायचं असतं," मी म्हटलं आणि कुलूप-किल्ली पर्समध्ये टाकली.

शियानला जरूर जा. फक्त सोबत कोण आहे ते बघून जा.

काल रशीदने उन्हाळ्याच्या सुट्टीत गावी न्यायच्या बॅगा काढल्या. परतल्यावर मी ड्रॉवरमध्ये टाकलेलं ते कुलूप त्याला मिळालं. "बरं सापडलं!" म्हणत त्याने ते ब्लँकेटांच्या बॅगेला खटकन लावलं. वरची नावं वाचलीही नाहीत.

"तुझी बॅग कुठाय?"

"मी येत नाही."

तो म्हणाला, "आता अम्मीला काय सांगू?"

किल्ली माझ्या पर्समध्ये आहे. त्याने अजून मागितलेली नाही.