टाकीचे विरजण

आमच्या गावच्या सांडपाणी केंद्रावर मावशी अकरा वर्षे काम करीत आहेत. दीडशे घरांच्या मोऱ्यांचे आणि संडासांचे पाणी पाइपातून त्यांच्या टाकीत येते. टाकीच्या तळातून सतत हवा सोडलेली असते आणि तपकिरी गाळातले, डोळ्यांना न दिसणारे जीव ती घाण खाऊन टाकतात. मग पाणी निवळून ओढ्याला जाते. "मी काही करत नाही, भाऊसाहेब," मावशी म्हणतात. "खाणारे खातात. मी फक्त त्यांना गुदमरू देत नाही."

गेल्या वर्षी तपासणीचे पत्र आले. बारा दिवसांनी पाण्याचा नमुना घेणार, नापास झाला तर केंद्र ठेकेदाराकडे जाणार. म्हणजे मावशी घरी. नेमक्या तेव्हाच त्या लेकीच्या बाळंतपणासाठी दोन दिवस गेल्या. गावच्या कार्यालयात मी कारकून, आणि मला कळकट काही खपत नाही. साहेब येणार म्हणून मी टाकी उपसून घेतली आणि दोन माणसे लावून ब्लीचिंग पावडरने घासून घेतली. आतला निळा रंग कितीतरी वर्षांनी दिसला.

मावशी परतल्या आणि काठावरच थबकल्या.

"कोणी केलं हे?"

"मीच. बघा, कशी चकाचक झाली!"

त्यांनी वाकून टाकीच्या भिंतीवरून बोट फिरवले. मग म्हणाल्या, "भाऊसाहेब, विरजणाचं भांडं घासून ठेवलंत तुम्ही. आता दही लागायचं कशानं?"

जिवंत गाळ मिळण्यासारखी एकच जागा होती, शेजारच्या गावचे केंद्र. ते चालवायच्या मावशींच्या थोरल्या जाऊबाई, आणि घराच्या वाटणीपासून चार वर्षे दोघींत बोलणे नव्हते. मावशींनी टेम्पो बोलावला, पंधरा कॅन चढवले. मीही मुकाट्याने बसलो.

जाऊबाई जाळी साफ करीत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "वाटणीच्या वेळी किती तोऱ्यात होतीस. आज घाण मागायला आलीस होय?"

"चांगली घाण तुमच्याकडेच आहे, ताई. माझी मेली."

"अशी कशी मेली?"

मावशींनी नुसते माझ्याकडे पाहिले.

"हे होय! चपलासुद्धा पुसून घालत असतील." जाऊबाईंना हसू आवरेना. "भर कॅन. आणि झाकणं सैल ठेव गं, त्यांनाही श्वास लागतो."

"मला शिकवू नका, ताई."

"मग कोण शिकवणार?"

त्यानंतर रोज सकाळी मावशी टाकीतले पाणी काचेच्या उंच मापात घेऊन अर्धा तास ठेवायच्या. पहिल्या दिवशी नुसते करडे पाणी. चौथ्या दिवशी तळाशी दोन बोटे गाळ. नवव्या दिवशी गाळ पाव मापापर्यंत चढला, आणि वरचे पाणी इतके नितळ की पलीकडचा हवेच्या यंत्राचा आकडा वाचता येत होता. त्या दिवशी त्या पोटभर जेवल्या.

दहाव्या दिवशी साहेब आले. नाकाला रुमाल लावून त्यांनी नमुना घेतला. "पाणी बरं दिसतंय," ते म्हणाले, "पण टाकी जरा घासून घेत जा."

मावशींनी माझ्याकडे पाहिले.

"नाही साहेब," मी म्हणालो, "ती घासायची नसते."

नमुना पास झाला. मावशी कॅन परत द्यायला निघाल्या. बरोबर एक बाटली घेतली, निवळलेल्या पाण्याची. "ताईंना दाखवते," म्हणाल्या. "नाहीतर म्हणतील, दिलेलं वाया घालवलं."

सकाळी गेल्या त्या दिवस मावळला तरी आल्या नाहीत. तोवर टाकीपाशी मी बसलो होतो. कशालाही हात लावला नाही.