कपिलचा बिबट्या

कपिलला माणसांपेक्षा खेळातली माणसं जास्त कळायची. नारायणगावात त्याचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान, घर खोडदच्या अलीकडे आमच्या वस्तीवर. टीव्हीला जोडून खेळायच्या व्हिडीओ गेमच्या जुन्या सीड्या तो भंगारातून आणायचा, त्यातल्या फायली कॉम्प्युटरवर फोडायचा आणि आतली पात्रं बाहेर काढायचा. योद्धे, राक्षस, राण्या. आधी नुसता सांगाडा हाती लागायचा. कातडं भलत्याच फायलीत सपाट पसरलेलं असायचं, ते शोधून नेमकं चढवावं लागायचं. यातून दमडी मिळत नव्हती. परदेशातली अनोळखी पोरं 'थँक्यू' लिहायची, तेवढ्यावर गडी आठवडाभर खूश. त्याची आई द्रौपदाबाई म्हणायची, "कुणाची मढी उकरतोय कुणास ठावं." आम्ही हसायचो. कौतुक मात्र कुणी केलं नाही.

गेल्या हिवाळ्यात एका जुन्या खेळातून त्याला बिबट्या मिळाला. शिकाऱ्यानं पाळलेला, खेळातलं मोठं पात्र. त्याची चाल शाबूत होती, चालताना खांदे हलायचे तेसुद्धा. कपिलनं तो कॉम्प्युटरवर स्वतःच्या घरामागच्या बांधावर चालताना दाखवला, उतरतं ऊन आणि हलता मोबाईल सगळं जुळवून, आणि व्हिडीओ गावाच्या ग्रुपवर टाकला. कोण ओळखतंय बघू, एवढंच मनात होतं. खेळातला आहे हे कुणीच ओळखलं नाही.

आमच्याकडे बिबट्या ही थट्टेची गोष्ट नाही. त्याची पिल्लं आमच्या उसात जन्मतात. शेळ्या जातात, माणसंही गेली आहेत. घटकेत कपिलच्या दारात गर्दी झाली. "लई मोठा हाय राव," जो तो म्हणत होता. आयुष्यात पहिल्यांदा त्याचं काम सगळ्या गावानं डोळे फाडून पाहिलं आणि गडी पाघळला. सांगतो, आता सांगतो, असं मनात घोळवत राहिला. तेवढ्यात कुणीतरी बोललं, बिबट्याची अफवा उठवली म्हणून मागं एकाला पोलिसांनी उचलला होता. झालं, तोंडाला कुलूप.

वनखात्याचा पिंजरा तेव्हा गोरखतात्याच्या मळ्यात होता. तिथं ओल्या मातीत ठसे सापडले होते. पण तिथला बिबट्या कुणी पाहिला नव्हता, कपिलचा सगळ्यांनी पाहिला होता. गावकरी हटून बसले आणि पिंजरा ट्रॅक्टरला जोडून कपिलच्या बांधाकडे निघाला. तात्याची बायको गोजरबाई मळ्याच्या बांधावर उभी होती. ती कपिलला म्हणाली, "ने बाबा. तुझी आई दिवसभर एकटी आसती." तेव्हा एक शब्द पुरला असता. कपिल चाक ढकलायला वाकला.

त्याच आठवड्यात, चांगल्या लख्ख उन्हात, गोजरबाई गुरांसाठी घास कापायला वाकली असताना बिबट्यानं तिला मागून धरलं. पिंजरा जिथून उचलला तिथून हाकेच्या अंतरावर. मला कपिलचा राग येतो. पोरगा वाईट नाही, म्हणून तर जास्त येतो.

पिंजरा पुन्हा मळ्यात गेला आणि एक बिबट्या सापडला. त्याला न्यायच्या आधी तात्या स्वतः दुकानात गेला, कपिलला गाडीवर बसवून घेऊन आला आणि पिंजऱ्यासमोर उभं केलं. आतलं जनावर वाळकं होतं, गजांवर डोकं आपटून तोंड रक्तानं भरलेलं.

"तू जवळून पाह्यलाय," तात्या म्हणाला. "त्योच हाय का रे ह्यो? दुसरा आसला, तर हिला खाणारा आजून उसातच हाय. माझं मन थाऱ्यावर न्हाई."

आम्ही सगळे त्याच्या तोंडाकडे बघत होतो.

"त्योच हाय, तात्या."

तात्यानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि मग तिथंच मातीत बसून रडला. दुसऱ्या दिवशी त्यानं सुनेला, मोहिनीला, घास कापायला पाठवलं.